प्राथमिक शिक्षक भरती : प्राधान्यक्रमात कोकण वर ठेवावे की आपला जिल्हा?

उदगीरची उमेदवार
नमस्कार. माझे डी.एल.एड. (पूर्वीचे डी.एड., प्राथमिक शिक्षकाची पदविका) झाले असून टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पहिली ते पाचवीसाठीचा पहिला पेपर मी उत्तीर्ण आहे. २०२५च्या मे-जूनमध्ये झालेल्या शिक्षक अभियोग्यता चाचणीत (भरतीची गुणवत्ता यादी याच गुणांवर लागते) मला २०० पैकी ११८ गुण मिळाले आणि माझा प्रवर्ग खुला आहे. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर पसंतीचे जिल्हे क्रमाने भरायचे असतात; त्या प्राधान्यक्रमाचा विषय निघाला की आमच्या घरी वाद ठरलेला असतो. लातूर, धाराशिव आणि नांदेड यांपलीकडे काही भरू नये, असे वडिलांचे म्हणणे आहे, तर रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि पालघर येथे जागाच जागा आहेत, असे मैत्रिणी सांगतात. कोकणात खरोखरच संधी अधिक आहे का, आणि असल्यास ती कशामुळे, हे तिकडे काम करणाऱ्यांनी कृपया सांगावे.

घाटावरचा गुरुजी
ताई, मी मूळचा बीडचा असून २०१७च्या चाचणीतून निवड होऊन २०१९मध्ये रत्नागिरी जिल्हा परिषदेत रुजू झालो. कोकणात पदे रिक्त राहतात याचे मुख्य कारण आमच्यासारखी माणसेच आहेत. मराठवाड्यातून आणि पश्चिम महाराष्ट्रातून शिक्षक येतात, काही वर्षे काढतात आणि आंतरजिल्हा बदलीने गावाकडे परततात, त्यामुळे तीच जागा पुन्हा रिकामी होते. स्थानिक डी.एड. धारकांना प्राधान्य द्यावे, ही येथील मागणी याच अनुभवातून आली आहे आणि मला ती गैर वाटत नाही.

माझी पहिली शाळा एका वाडीवर होती. एस.टी. खाली फाट्यावर सोडत असे आणि तेथून चढाची पाऊण तासाची पायवाट होती. पहिली ते पाचवी मिळून नऊ मुले एकाच खोलीत बसत. पहिलीला अक्षरे गिरवायला देऊन चौथीचा भागाकार घ्यायचा आणि तेवढ्यात पोषण आहाराची नोंद करायची, असा दिवस जाई. पावसाळ्यात वहाळाला पाणी आले की पालकच मुलांना खांद्यावर बसवून अलीकडे आणत. त्या काळी शिक्षण सेवकाचे, म्हणजे पहिली तीन वर्षे मानधनावर असलेल्या नव्या शिक्षकाचे, मानधन ६,००० रुपये होते. २०२३पासून ते १६,००० झाले आहे. तरीही तीन वर्षे त्यातच खोलीचे भाडे, जेवण आणि गावी जाण्यायेण्याचा खर्च बसवावा लागतो, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

संचमान्यता अभ्यासक
वरील प्रतिसाद योग्यच आहे. तथापि रिक्त पद आणि आपल्याला मिळू शकणारे पद यांत मोठे अंतर असते, आणि बहुतेक उमेदवार येथेच फसतात. आधी संचमान्यतेत (विद्यार्थिसंख्येवरून शाळेला मंजूर होणारी शिक्षकपदे) पद मंजूर असावे लागते, त्यानंतर बिंदुनामावलीत (कोणते पद कोणत्या आरक्षण प्रवर्गाचे, याची नोंद) ते आपल्या प्रवर्गाला यावे लागते, आणि शेवटी माध्यम व इयत्तेचा गटही जुळावा लागतो. एखाद्या जिल्ह्यात शेकडो पदे रिक्त असूनही खुल्या प्रवर्गाला जेमतेम काही जागा येतात, कारण तेथे त्या प्रवर्गाचे शिक्षक आधीच अधिक भरलेले असतात. म्हणून वर्तमानपत्रातील रिक्त पदांचा आकडा बाजूला ठेवून त्या जिल्हा परिषदेची जाहिरात प्रवर्गनिहाय वाचावी.

वाडीवरच्या शाळांचा कमी पट (विद्यार्थिसंख्या) ही दुसरी अडचण आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक अपेक्षित आहेत, परंतु १५ मार्च २०२४च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलल्यापासून वीसपेक्षा कमी पटाच्या शाळेतील दुसऱ्या नियमित पदावर गदा आली आहे. कोकणात अशा शाळा पुष्कळ आहेत, त्यामुळे आज रिक्त दिसणारी पदे उद्या मंजूर राहतीलच, असे गृहीत धरू नये.

उदगीरची उमेदवार
दोघांचेही आभार. बिंदुनामावलीचा विचार मी केलाच नव्हता. पालघरविषयी कोणी सांगेल का? तसेच, पसंतीत दूरचा जिल्हा वर ठेवल्यास निवडीची शक्यता वाढते, असेही ऐकले आहे.

जव्हारची शिक्षिका
पालघरचा मोठा भाग अनुसूचित (आदिवासीबहुल, पेसा कायदा लागू असलेल्या) क्षेत्रात येतो. त्या क्षेत्रातील शिक्षकपदे स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांसाठी राखीव असून तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. त्यामुळे तेथील रिक्त पदांचा मोठा आकडा तुमच्या कामाचा नाही. बिगर-पेसा क्षेत्रातील खुल्या जागा तेवढ्या पाहाव्यात. नांदेड, यवतमाळ, गडचिरोली अशा एकूण तेरा जिल्ह्यांत अनुसूचित क्षेत्र आहे, म्हणजे वडिलांनी सुचवलेल्या नांदेडलाही किनवटकडच्या जागांबाबत हीच गोष्ट लागू होते.

दूरचा जिल्हा वर ठेवल्याने शक्यता वाढते, हा निव्वळ गैरसमज आहे. निवड गुणानुक्रमाने होते आणि गुणांत बसणारी तुमची सर्वांत वरची पसंती तुम्हाला मिळते. म्हणून लातूर आणि धाराशिव निःशंकपणे वर ठेवा व त्याखाली रत्नागिरी, सिंधुदुर्ग घ्या. मात्र जेथे रुजू होण्याची तयारीच नाही, तो जिल्हा भरू नका. बदलीच्या भरवशावर तर मुळीच भरू नका, कारण ते नियम दर काही वर्षांनी बदलतात.

आणखी एक सुचवते. तुमची पदवी झाली असेल तर टीईटीचा दुसरा पेपरही द्या. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२३च्या निकालाने बी.एड. धारक पहिली ते पाचवीच्या स्पर्धेतून बाहेर पडले, हा तुमचा फायदाच आहे. परंतु सहावी ते आठवीचा गट तुम्हालाही खुला होऊ शकतो आणि पदवी विज्ञानाची असल्यास गणित-विज्ञानाच्या जागाही पाहता येतील. तुमची पदवी कोणत्या विषयाची आहे?