मदत हवी आहे: कोंबुचा प्रवासात न्यायला कोणती बाटली? (शनिवारी निघायचंय)

ठाणेकर_मी | बुधवार, रात्री ९:१२
घरचा कोंबुचा (गोड चहा आंबवून केलेलं पेय) आहे, ५ लिटर. शनिवारी न्यायचाय. काचेच्या बाटल्या घ्याव्यात की प्लास्टिकच्या? ऑनलाइन मागवायच्या तर उद्या सकाळपर्यंत ठरवायला हवं, म्हणून पटकन सांगा. कोंबुचा प्यावा की पिऊ नये ही चर्चा कृपया इथे नको.

रसायनी | ९:२०
न्यायचाय म्हणजे कुठे, कशाने, किती तास? आणि मुख्य म्हणजे तो अजून बरणीत फडक्याखाली आहे, की फळ-साखर घालून बाटलीबंद केलाय? दोन्हीची उत्तरं एकदम वेगळी आहेत.

लख्ख_काच | ९:२६
काचच. यात विचारण्यासारखं काय आहे? आंबट वस्तू प्लास्टिकमध्ये ठेवू नये हे आपल्या आज्यांना माहीत होतं. लोणचं कुणी प्लास्टिकमध्ये मुरवलंय का?

सोडावॉटर | ९:३३
लोणचं बरणीच्या आत गॅस साठवत नाही हो. इथे प्रश्न आंबटपणाचा नाहीये, दाबाचा आहे.
धागाकर्ते, कोल्ड्रिंकच्या रिकाम्या पेट (PET प्लास्टिकच्या) बाटल्या घ्या. सव्वा किंवा दोन लिटरच्या, बुडाला पाच पाकळ्या असलेल्या. पाकळ्यांचं ते बूड दाब पेलण्यासाठीच असतं, सपाट बूड असतं तर फुगून बाटली लवंडली असती. गळ्याच्या आट्यांवर बोट फिरवून बघा, मध्ये मध्ये उभ्या खाचा लागतील. बूच फिरवताना ते पूर्ण सुटायच्या आधी गॅस त्या खाचांतून फुस्स करून निघून जातो, त्यामुळे बूच डोळ्यावर उडत नाही. पाण्याची बाटली मात्र चालणार नाही. ती पातळ असते, गॅससाठी बनवलेलीच नसते.

ठाणेकर_मी | ९:४०
ठाण्याहून कुडाळ, पुढे मालवण. सकाळची गाडी, स्लीपर. अजून काय सांगायचं राहिलं?

रसायनी | ९:४१
बरणी की बाटली, ते.

कांस्य_ताम्र | ९:४८
तांब्याची बाटली वापरा. जंतुनाशक असते, प्रवासात पडली तरी फुटत नाही, आणि पाण्याला तर उत्तमच.

रसायनी | ९:५५
कांस्य_ताम्र, पाण्याला ठीक आहे, याला मुळीच नाही. तयार कोंबुचाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तितकं जास्त आंबट) २.५ ते ३.५ असतो. तेवढ्या आंबटात तांबं सरळ विरघळतं, मग मळमळ आणि उलट्या. आपल्याकडे पितळी भांड्यात ताक-चिंच ठेवत नाहीत आणि ठेवायचंच तर आधी कल्हई करतात, ते याचसाठी. ॲल्युमिनियमही बाद.

काळी_बरणी | १०:०२
मग चिनी मातीची बरणी? जुनी आहे घरात, जाड, झाकणाला दोरी बांधली की झालं.

रसायनी | १०:०९
नको. जुन्या बरणीच्या झिलईत शिसं आहे की नाही हे बघून कळत नाही. सिरॅमिकच्या भांड्यात कोंबुचा करून शिशाची विषबाधा झाल्याची ऑस्ट्रेलियातली नोंद १९९८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आली आहे. शिवाय दोरी बांधून गॅस कसा अडवणार?

ठाणेकर_मी | १०:१५
३ लिटर बरणीत आहे, फडक्याखाली, ९ दिवस झाले. २ लिटर हापूसचा रस घालून बाटल्यांत भरलाय. तारेच्या कडीच्या काचेच्या बाटल्या, पाऊण लिटरच्या तीन. त्या तशाच नेता येतील का एवढंच विचारायचं होतं खरं म्हणजे.

सोडावॉटर | १०:१८
हे आधी सांगायला हवं होतं. भरून किती दिवस झाले? फ्रिजमध्ये आहेत की बाहेर? गोल आहेत की चौकोनी? आणि रस किती घातला?

ठाणेकर_मी | १०:२३
सोमवारी सकाळी भरल्या. ओट्यावर. चौकोनी. लिटरला साधारण १०० मिली रस, थोडा जास्तच.

रसायनी | १०:३६
आता बाकी सगळं बाजूला ठेवून त्या तीन बाटल्या फ्रिजमध्ये टाका. उघडून बघू नका. आधी जाड टॉवेल गुंडाळा, चष्मा लावा, मग उचला. फ्रिजमध्येही टॉवेलसकट आडोशाला ठेवा, दाराच्या कप्प्यात नको.
हिशोब असा आहे. एक ग्रॅम साखर यीस्टने पूर्ण खाल्ली तर साधारण अर्धा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो. लिटरला ४ ग्रॅम साखर, म्हणजे एक सपाट चमचा, संपली की द्रवाच्या आकारमानाएवढा गॅस तयार होतो. कोल्ड्रिंकमध्ये तो साडेतीन ते चार पट असतो. आमरसात ढोबळमानाने १४ टक्के साखर धरा, म्हणजे १०० मिलीत १४ ग्रॅम. नुसत्या रसातूनच साडेतीन पट गॅस झाला. मूळ चहातली उरलेली साखर वेगळी. बरणीत लिटरला ७०-८० ग्रॅम घातली असेल तर नवव्या दिवशी त्यातली ३०-४० सहज शिल्लक असते. ती सगळी बाटलीत संपली तर आणखी सात-दहा पट. म्हणून उबदार खोलीत बेमुदत ठेवायला सुरक्षित अशी बाटलीच नाही, पेटसुद्धा नाही.

सोडावॉटर | १०:४४
आणि चौकोनी काच. गोल बाटलीत दाबाचा ताण सगळीकडे सारखा वाटला जातो. चौकोनीत सपाट बाजू बाहेर फुगू पाहते आणि सगळा ताण कोपऱ्यांवर येतो, तिथेच तडकते. भेटवस्तूच्या दुकानातल्या कडीच्या बाटल्या तेल, सरबत, व्हिनेगर ठेवायला असतात. कडी आहे म्हणून ती गॅसची बाटली होत नाही.

लख्ख_काच | १०:५०
म्हणजे काच वाईट नाही, चौकोन वाईट. शॅम्पेनच्या बाटल्या काचेच्याच असतात ना?

सोडावॉटर | १०:५७
असतात, आणि सहा बारच्या (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतीच्या हवेचा दाब) आसपासचा दाब पेलायला जाड काचेच्या, बुडाला आत खोलगट केलेल्या असतात. शुक्रवारपर्यंत मिळवा तशा तीन. गोल जाड बिअरची बाटलीही चालते, पण तिला क्राउन बूच (पत्र्याचं, ओपनरने काढतात ते) दाबायचं यंत्र लागतं, आणि गळ्यावर किंवा अंगावर ओरखडा असेल तर ती रद्दीत. स्लीपरच्या डब्यात शेजारी पोरं बसलेली असताना काच कशाला?

घाटरस्ता | ११:०३
घाटात कान दडपतात तसं बाटलीतही होतं हे विसरू नका. वर चढताना हवा विरळ होते, बाटली फुटते.

रसायनी | ११:१२
कोकण रेल्वेने जाताना कुठला घाट चढणार आहात? आणि चढलात तरी लोणावळ्याच्या उंचीला हवेचा दाब ०.०७ बारने कमी होतो. विमानात पाव बारने. उष्णतेचं बघा: द्रवाच्या तिप्पट गॅस असलेली बाटली ५ अंशांना सुमारे १ बार दाखवते, तीच ३५ अंशांना सुमारे ४ बार. गाडीच्या टायरमध्ये सव्वादोन असतो. मे महिन्यात खिडकीजवळ ठेवलेली पिशवी हा खरा धोका आहे.
हलण्याचीही भीती नको. हलल्याने दाब वाढत नाही, फक्त लगेच उघडली तर कारंजं उडतं.

स्टीलवाला | ११:१९
एवढा खल कशाला? स्टीलची थर्मास बाटली घ्या. थंड राहील, फुटणार नाही, प्लास्टिक नाही. प्रश्न मिटला.

सोडावॉटर | ११:२५
मिटला नाही. स्टीलमध्ये आत काय चाललंय ते दिसत नाही आणि दाबून कळत नाही. झाकण दीड फेऱ्यात सुटतं, गॅसला वाट द्यायला खाचा नाहीत, म्हणजे शेवटच्या पाव फेरीला सगळा दाब झाकणाला ढकलतो. खास गॅससाठीचे स्टीलचे ग्राउलर (मोठ्या बाटल्या) असतात, त्यांना दाब सोडायची सोय असते. साध्या थर्मासला नसते.

स्टीलवाला | ११:२९
मी गॅस नसलेल्याबद्दल बोलत होतो.

सोडावॉटर | ११:३०
यीस्ट जिवंत आहे तोवर 'गॅस नसलेला' असं काही नसतं. उशिरा येणारा असतो.

गोटीवाला | ११:४१
गोटी सोड्याची बाटली कुणी सुचवली नाही याचं आश्चर्य वाटतं! हायरम कॉड या इंग्रजाने १८७२ मध्ये पेटंट घेतलं. गळ्यात गोटी, वर रबरी वायसर, आतला गॅसच गोटी दाबून धरतो. बूच नाही, कडी नाही. दाबासाठीच बनलेली.

रसायनी | ११:५०
बाटली झकास, पण भरणार कशी? ती उलटी धरून दाबाखाली भरतात, मग गोटी वायसरवर बसते. आणि गळ्याच्या खोबणीत ब्रश जात नाही, आंब्याचा चोथा अडकला की तिथेच सडेल. दुकानात उभं राहून प्यावी.

सोलकढी_फॅन | गुरुवार, सकाळी ७:०५
मालवणला जाऊन कोंबुचा पिणार? 😄 तिथे कोकम आहे की.

ठाणेकर_मी | ७:३०
बाटल्या रात्रीच फ्रिजमध्ये टाकल्या, शाबूत आहेत. आता क्रमाने कुणीतरी सांगा. उघडायच्या कशा? आणि पेटमध्ये आंबट ठेवायचं तर काही उतरत नाही ना त्यात? घरून तोच आक्षेप आहे.

रसायनी | ८:१०
पेटबद्दल: कोलाचा पीएचही २.५ च्या आसपास असतो आणि तो महिनोन् महिने याच बाटलीत राहतो. पेटमध्ये बीपीए (काही प्लास्टिकांतून उतरणारं रसायन) नसतं. अँटिमनी हे धातूसारखं मूलद्रव्य अगदी किंचित उतरतं आणि तेही उष्णतेने आणि काळाने वाढतं. गार दोन दिवसांना हरकत नाही. उकळत्या पाण्याने मात्र धुऊ नका, ७० अंशांच्या पुढे पेट मऊ पडून आकार सोडतं. कोमट पाणी, थोडं व्हिनेगर, भरपूर खळखळवणं. कोल्ड्रिंकचा वास बुचात राहतो, म्हणून बुचं रात्रभर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून ठेवा.

उघडण्याबद्दल: आज रात्रीपर्यंत हात लावू नका. गार द्रवात गॅस विरघळून राहतो, निम्मा धोका तिथेच जातो. मग एकेक बाटली मोरीत, रिकाम्या बादलीत उभी करा. वर जाड ओला टॉवेल. टॉवेलवरून तळहात बुचावर दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने तारेची कडी हळूहळू वर घ्या. बूच किंचित सैल होऊन फुस्स आवाज आला की परत दाबा. फेस गळ्यापर्यंत चढतोय असं दिसलं तर थांबा, उतरू द्या, पुन्हा सोडा. एका बाटलीला दहा मिनिटं लागली तरी घाई नको. तोंड बाजूला.

सोडावॉटर | ८:२२
मग मलमलीतून गाळा. आंब्याचे तंतू राहिले तर गॅसचे बुडबुडे त्यांच्यावरच धरतात आणि मालवणात पहिली बाटली उघडल्याबरोबर छत रंगेल. तळाचा तपकिरी गाळ मागेच ठेवा, यीस्ट त्यात जास्त असतं. पेट तिरकी धरून नरसाळ्यातून कडेकडेने ओता, वर तीन सेंटिमीटर जागा सोडा. काठोकाठ नको, तापल्यावर द्रव फुगतो आणि त्याला जायला जागा लागते.
बरणीतल्या ३ लिटरांत काहीही घालू नका. तसाच गाळून पेटमध्ये भरा, अंग थोडं दाबून आतली हवा काढा आणि बूच घट्ट करा. बाटली चेपलेली राहील. गॅस झाला तर ती आपोआप भरून येईल, तोच तुमचा दाबमापक. बोटाने दाबून दगडासारखी लागली तर गार करून गॅस सोडायचा.

स्कोबी_माता | ९:१४
स्कोबी (कोंबुचावर धरणारी विरजणाची जाड साय) नेताना लक्षात ठेवा, हवाबंद डब्यात नको. काचेच्या छोट्या बरणीत कपभर जुना कोंबुचा, त्यात स्कोबी, झाकण पाव फेरी सैल. फ्रिजमध्ये ठेवू नका, मंदावते.

ठाणेकर_मी | ९:२०
स्कोबी नेत नाहीये, पण धन्यवाद. बर्फाचं कसं करू? आणि मालवणला पोचल्यावर त्या साध्या ३ लिटरांना फेस आणायचा तर?

सोडावॉटर | ९:३८
मासळीवाल्याकडचा थर्माकोलचा डबा. सुटा बर्फ नको, वितळून डब्यातून गळतो आणि शेजारच्याच्या बॅगेत जातो. लिटरच्या तीन पाण्याच्या बाटल्या गोठवा, पण दहावा भाग रिकामा ठेवून, बर्फ होताना पाणी नऊ टक्के फुगतं. कोंबुचा शुक्रवारभर फ्रिजच्या सगळ्यात गार कप्प्यात. निघताना दोन्ही आलटून पालटून उभं लावा, फटीत वर्तमानपत्राचे बोळे, झाकणाला सगळीकडून चिकटपट्टी. डबा खालच्या बर्थखाली, वरच्या फळीवर अजिबात नाही. वाटेत उघडून बघायचं नाही.
फेसासाठी: मालवणला पोचल्यावर लिटरला एक चमचा साखर किंवा तेवढाच कोकमचा आगळ आणि साखर. त्या हवेत एका दिवसात बाटली टणक होते. सकाळ-संध्याकाळ दाबून बघा, टणक झाली की लगेच फ्रिज.

लख्ख_काच | ९:५१
तिथे गेल्यावर तरी काचेच्या ग्लासात ओता.

ठाणेकर_मी | शुक्रवार, रात्री ८:४०
दोन बाटल्या शहाण्यासारख्या उघडल्या. तिसरी निम्मी बादलीत गेली, आंबा मोरीच्या फरशीपर्यंत. गाळून पेटमध्ये भरलं, दीड लिटर वाचलं. डबा बांधून तयार आहे.

गृहसजावट | शुक्रवार, रात्री ११:१५
प्रतिसाद वाचले नाहीत, पण कडीच्या चौकोनी बाटल्या हल्ली फार सुंदर मिळतात, सहाचा संच येतो, सोबत लेबलं आणि खडूही. कोंबुचाचा रंग त्यात काय उठून दिसतो!

सोडावॉटर | रात्री ११:१७
तेल भरा त्यांत.