पैसा मूठभरांकडे, मग मताची किंमत किती?

बर्डीकर:
नागपूर महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. पुढे तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासक होता. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या म्हणून सांगावं लागलं. वस्तीतली गडर लाइन तुंबली तर गरीब माणूस नगरसेवकाचं दार ठोठावतो. बड्या बिल्डरला नगरसेवक लागतच नाही, त्याचा फोन थेट वर जातो. म्हणजे निवडून दिलेला माणूस नसला की दार एकाचंच बंद होतं. 26 जानेवारी 1950 पासून राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीत आपण शिरतोय, असं बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बजावलं होतं. दीक्षाभूमीच्या शहरात तरी हे विसरू नये.

इतवारीवाला:
भाऊ, निवडणुका ओबीसी आरक्षण अन् प्रभागरचनेच्या खटल्यांनी लांबल्या. त्यात श्रीमंताचा काय हात? अन् पैसेवाला नसता तं 1877 मध्ये आपल्या नागपुरात एम्प्रेस कापड मिल कोण उभी करणार होतं? हजारो घरांच्या चुली तिच्यावर पेटल्या.

बर्डीकर:
खटल्यांचं मान्य. मी कारण नाही, मार कोणाला बसतो ते सांगतोय. आणि एम्प्रेस मिल जमशेटजी टाटांनी भागभांडवल गोळा करून उभारली. कारखाना उभारणाऱ्या पैशाला कोण नाव ठेवतं? राज्यकर्त्याला मिंधं करतो, तो पैसा मला नको.

महालची वाचक:
त्याचंच उदाहरण देते. कंपन्यांनी पक्षांना किती द्यावं याला मर्यादा होती, तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्के. 2017 मध्ये ती काढली. 2018 मध्ये निवडणूक रोखे आले, म्हणजे बँकेतून रोखा घ्यायचा अन् पक्षाला देणगी म्हणून द्यायचा, देणाऱ्याचं नाव गुप्त.

इतवारीवाला:
अन् 15 फेब्रुवारी 2024 ला कोर्टानंच ते रद्द केले ना? मंग लोकशाही शाबूत आहे बाप्पा!

महालची वाचक:
मधे 2019 ची लोकसभा होऊन गेली, दादा. तेव्हा बटण दाबताना कोणी कोणाला किती दिले, ते मतदाराला ठाऊक नव्हतं. ती मतं परत देता येतात का? उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे, लोकसभेला आपल्याकडे 95 लाख. पक्षाच्या खर्चाला मात्र काहीच नाही. माझ्या शाळेतली हुशार पोरगी उद्या उभी राहायची म्हणाली, तर मी तिला काय सांगू?

इतवारीवाला:
देणाऱ्यांची नावं उघडी पाहिजे, हे पटलं. पक्षाच्या खर्चालाही लगाम लावा. पण आता संपत्ती कर परत आणा म्हणाल तं माझा विरोध राहील. 2015 च्या अर्थसंकल्पात तो रद्द केला, कारण वसुली थोडी अन् खटपट फार होती. बडे मासे निसटतात, हिशेब दाखवत बसते माझ्यासारखा दुकानदार.

बर्डीकर:
मग बड्या माशांपुरता आणा. विषमतेचा अभ्यास करणाऱ्या वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅब या संस्थेच्या अंदाजानुसार 2022-23 मध्ये वरच्या एक टक्क्याकडे देशाची 40 टक्के संपत्ती होती. तुमचं दुकान त्यात येत नाही, भाऊ.