मदत हवी आहे: पॅलेडियम-कार्बन कॅटॅलिस्ट लवकर थकतोय

नमस्कार मंडळी. तारापूरच्या एका छोट्या युनिटमध्ये मी प्रॉडक्शन पाहतो. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या बंद भांड्यात, हायड्रोजन देऊन नायट्रो संयुगाचं अमाइन करतो. सॉल्व्हंट मिथेनॉल, कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक) ५ टक्के पॅलेडियम ऑन कार्बन. गाळून उरलेला कॅटॅलिस्टचा ओला केक पुढच्या बॅचला वापरतो, पण हल्ली हायड्रोजन ओढण्याचा वेग फार लवकर मंदावतो.

कॅटॅलिस्टच्या छिद्रांत चिकट अवशेष बसले असतील म्हणून गरम मिथेनॉलने धुऊन पाहिलं. फरक थोडाच. आता संशय गंधकावर आहे. कच्च्या मालात ते अगदी थोडं असलं तरी पॅलेडियमला घट्ट धरतं. ॲल्युमिनावरचा कॅटॅलिस्ट हवेत जपून भाजता येतो, इथे तर आधारच कार्बनचा, तोच पेटेल. हायड्रोजन पेरॉक्साइडने धुवा असं एकाने सुचवलं. पॅलेडियमवर पेरॉक्साइड झपाट्याने फुटतं, त्यात केकमध्ये मिथेनॉल, म्हणून मी ठाम नकार दिला. माणसं जवळ उभी असतात.

गंधकाची बाधा की पॅलेडियम विरघळून गाळलेल्या द्रवात जातंय, हे कसं ओळखता? त्या द्रवाची आयसीपी तपासणी (धातूंचं सूक्ष्म प्रमाण मोजणारी) पुरेशी आहे का? आणि शेवटी केक रिफायनरकडे, म्हणजे त्यातलं पॅलेडियम परत काढणाऱ्याकडे, पाठवताना नमुना दोघांच्या समोर कसा काढता? ओल्या केकमध्ये पाण्याचं प्रमाण जागोजागी बदलतं, पैसे मात्र पॅलेडियमच्या टक्क्यावर मिळतात. प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.