छोट्या शाळेत जागतिक नागरिकत्व, समानता वगैरे कसं शिकवायचं?

लालबागची_बाई:
नमस्कार मंडळी. लालबाग-परळ भागात एका छोट्या मराठी शाळेत तिसरी-चौथीला शिकवते, पट घसरत घसरत आता चार वर्गांना तीन शिक्षक अशी गत आहे. संस्थेचं फर्मान आलंय की डिसेंबरात 'जागतिक नागरिकत्व आणि समानता सप्ताह' घ्या. मोठ्या बाईंच्या डोक्यात काय, तर झेंडे, फॅन्सी ड्रेस, एक मुलगी जपानी, एक मुलगा आफ्रिकन, की झालं जग. आणि इकडे माझ्या वर्गात जौनपूरच्या एका पोराला बाकीचे भय्या भय्या करून रडवतात. परवा मधल्या सुट्टीत एक मुलगी डब्यावर हात आडवा धरून बसली, का तर म्हणे "मम्मीने सांगितलंय हिच्या डब्यातलं घ्यायचं नाही आणि हिला द्यायचं पण नाही". आठ-नऊ वर्षांची पोरं ओ! भाषण दिलं तर दोन मिनिटांत जांभया. कुणी काही करून बघितलं असेल तर सांगा, पुस्तकी नको.

रिटायर्ड_मास्तर:
बाई, आधी तुमचा हजेरीपट उघडा. वर सगळे मुलगे आणि खाली मुली असंच असणार. आडनावाप्रमाणे सरळ एक यादी करा, अधिकृत पटावर जमत नसेल तर वर्गातल्या वहीत करा. मग बघा बाकं सरकवायला कोणाला हाक मारता आणि पाहुण्यांना ओवाळायला कोणाला. मी पालिकेच्या शाळेत होतो, तिथे २७ वस्तू सगळ्यांना सारख्या, बूट दप्तर छत्री सगळं, त्यामुळे कोण कोणाचा ते दिसत नाही. पण त्याच इमारतीत भत्त्याची यादी आली की "एससी एसटीच्या मुलींनी उभं राहा" असं भर वर्गात ओरडणारे लोक पण बघितलेत. अशा वर्गात समानता सप्ताह काय घेणार, कपाळ? यादी टेबलावर ठेवा, एकेकाला बोलवून सही घ्या, विषय संपला.
डब्याच्या मुलीला सगळ्यांसमोर काही बोलू नका, तिच्या आईला बोलावून झापू पण नका, उद्या दाखला मागायला येईल. खिचडीच्या ताटल्या मांडायचं काम पाळीपाळीने सगळ्यांना द्या. ती पण मांडेल, दुसरी पण मांडेल. चार-सहा महिने लागतात.

स्पष्ट_बोलतो:
राग मानू नका पण माझा पोरगा तिसरीत आहे, त्याला अजून जोडाक्षरं धड वाचता येत नाहीत, आणि शाळेत काय तर ग्लोबल सिटिझन. आधी वाचायला शिकवा की. हे सगळं मोठ्या फीच्या शाळांचं फॅड आहे, आपल्याकडे कॉपी करतात.

घाटकोपर_ते_ठाणे:
@स्पष्ट_बोलतो, फॅन्सी ड्रेसबद्दल सहमत, बाकी नाही. वाचायला लागतंच ना काहीतरी? बालभारतीच्या प्रत्येक पुस्तकात पुढे संविधानाची उद्देशिका छापलेली असते, ते पान कुणी उघडतं का? आणि रोज परिपाठाला "सारे भारतीय माझे बांधव आहेत" म्हणायचं आणि दहा मिनिटांनी भय्या. ती प्रतिज्ञा मुळात तेलुगू आहे, १९६२ मध्ये पी. व्यंकट सुब्बाराव यांनी लिहिली. पोरांना हे सांगा, चाट पडतात, त्यांना वाटतं मराठीच आहे.
बाई, भय्यावर माझा उपाय. घरी विचारून या म्हणायचं, मुंबईत आपल्या घरातलं पहिलं माणूस कोण आलं, कुठून आणि कशाने. लालबागमध्ये अर्धी घरं गिरणीमुळे आलेली, कोणाचे पणजोबा रत्नागिरीकडून बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरले, कोणाचे साताऱ्याहून. आमच्या आजोबांना इथे लोक तोंडावर घाटी म्हणायचे, ते ऐकून आमच्या बिल्डिंगमधली पोरं एकदम गप्प झाली होती. जौनपूरवाल्याचे वडील गाडीने आले एवढाच फरक. कोणाचा बाप दुबईला, कुवेतला असेल तर तो पण नकाशावर घ्या. तिकडे आपलाच माणूस परका असतो ना.

भूगोलवाली:
नकाशावरून आठवलं, हे नक्की करा. भिंतीवरच्या जगाच्या नकाशात ग्रीनलँड आणि आफ्रिका जवळपास सारखे दिसतात, मर्केटरचा नकाशा असेल तर, म्हणजे ध्रुवांकडचे भाग फुगवून दाखवणारा. पृथ्वीगोलावर बटर पेपर ठेवून ग्रीनलँड गिरवायचं, कापायचं आणि तो तुकडा आफ्रिकेवर ठेवायचा. आफ्रिका १४ पट मोठी! मग भारत कापून ठेवा, साधारण नऊ भारत बसतात. माझ्याकडे एक पोरगा म्हणाला "म्हणजे नकाशा खोटं बोलतो?" त्यावर अर्धा तास वाद चालला, मी फक्त खडू धरून उभी. तोंडाला काळं फासून 'आफ्रिकन' करण्यापेक्षा हे कितीतरी बरं, ते काळं फासणं तर कृपा करून बंदच करा.
आणि मास्तरांशी एका बाबतीत जमत नाही. डब्याचा विषय नुसता ताटल्यांवर सोडू नका. कुणाचं नाव न घेता चवदार तळ्याची गोष्ट सांगा, महाड, २० मार्च १९२७, बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं. गुरंढोरं पाणी पितात त्या तळ्यावर माणसाला बंदी, हे तिसरीच्या पोराला बरोब्बर कळतं. अस्पृश्यता संविधानाच्या कलम १७ ने बंद केलीय, हे त्या मम्मीच्या कानावर पोरीकडूनच जाऊ दे.

रिटायर्ड_मास्तर:
मान्य. फक्त गोष्ट सांगताना त्या दुसऱ्या मुलीकडे बघू नका. लगेच कळतं त्यांना.

लालबागची_बाई:
हो मास्तर, तेच माझ्या मनात आलं. मुंबईत पहिलं कोण आलं ते आणि ग्रीनलँड, दोन्ही घेते, हजेरीची वही उद्याच. @स्पष्ट_बोलतो, घरून आणलेली माहिती पोरं स्वतः लिहून वर्गात वाचणार, जोडाक्षरं पण होतील त्यात. आमचा पृथ्वीगोल मात्र स्टँडवरून निखळलाय आणि ऑस्ट्रेलियाला भोक आहे, स्वस्तात कुठे मिळेल?

भूगोलवाली:
अब्दुल रहमान स्ट्रीटला बघा, बटर पेपर पण तिथेच घ्या. लहान गोल घेऊ नका, भारत नखाएवढा येतो, कापताच येत नाही.