पाच दिवसांत पहिला एल्क? आधी हिशेब तर करा

घळीतला_वारा
"पहिला एल्क: सोपी योजना" ही पोस्ट वाचली. थोडक्यात सांगायचं तर एल्क या अमेरिकेतल्या मोठ्या हरणाच्या शिकारीसाठी ऑगस्टमध्ये कोलोराडोचा नराचा काउंटर टॅग (सोडतीशिवाय विकत मिळणारा एका जनावराचा परवाना) घ्यायचा, दुसऱ्या रायफल सीझनला (बंदुकीच्या शिकारीच्या दुसऱ्या हंगामाला) पाच दिवस जायचं, रस्त्यापासून तीन मैल आत तंबू ठोकायचा, नर ओरडला की माग काढायचा आणि फ्रीजर भरून परत. खाली सगळे वाहवा करताहेत, म्हणून लिहावं लागतंय.

दुसरा रायफल सीझन येतो ऑक्टोबरच्या शेवटी. माज असतो सप्टेंबरात. तोवर मोठे नर माद्यांना सोडून दाट झाडीत अंग भरून काढत पडलेले असतात. ओरडण्याची वाट बघत बसलात तर पाचही दिवस बसाल. त्यांना शोधायचं दुर्बिणीनं. उजाडायच्या आधी सोंडेवर जाऊन बसायचं आणि समोरच्या उतारावर गवत जिथे झाडीला भिडतं ती कड इंच इंच न्याहाळायची. पहाटे हवा घळीतून खाली वाहते, ऊन तापलं की वर चढते. म्हणून सकाळी जनावराच्या खालून जा, नंतर वरून. वारा उलटण्याच्या वेळेला जागचे हलू नका. एल्क डोळ्यांनी फसेल, नाकानं नाही.

कळसूबाई ५,४०० फुटांची. इथे तंबूच ९,५०० फुटांवर असतो. पाचातला दीड दिवस डोकं धरून जाणार, म्हणून दोन दिवस आधी पोचा. काउंटर टॅग चालणाऱ्या बहुतेक युनिटांत (शिकारीच्या विभागांत) नराच्या एका शिंगाला चार टोकं तरी हवीत, नाहीतर कपाळाजवळचं टोक पाच इंचांचं. ते ओळखेपर्यंत तो झाडीत गेलेला असतो. काउंटर टॅगवर शंभरात दहा-वीस जणांनाच एल्क मिळतो, आणि त्यात वर्षानुवर्षं तीच दरी तुडवणारेही आले. पहिल्या वर्षी रोज एल्क दिसला आणि एकदा २०० यार्डांच्या आत पोचता आलं, तर भरपूर झालं.

पहिला_टॅग
पोस्ट माझीच. असं घाबरवलंत तर कोण जाईल? सुट्टी पाचच दिवसांची असते लोकांना. आणि तीन मैलांचं काय कौतुक? लोणावळ्याहून राजमाचीला आपली पोरं त्याच्या तिप्पट चालतात.

वजनकाटा
राजमाचीला पाठीवर पोहे असतात. इथे मागचा एक फरा (अख्खी तंगडी) हाडासकट ६५ ते ८० पौंड, पुढचा ४५-५०. शिवाय पाठीच्या पट्ट्या, टेंडरलॉइन (कण्याखालचं मऊ मांस), मान आणि डोकं. एकट्याच्या पाच खेपा धरा. पाचदा भरून बाहेर, चारदा रिकामं परत. नऊ गुणिले तीन, २७ मैल. तेही जनावर पडल्यानंतर.

पहिला_टॅग
दोघं जाणार आहेत असं पोस्टमध्ये लिहिलंय. आधी वाचत जा.

वजनकाटा
वाचलं. एकाला तीन फेऱ्या, दुसऱ्याला दोन. तीनवाल्याला १५ मैल. राजमाची लांबच राहिली.

सुरी_धार
हा हिशेबच चुकीचा. हाडं वाहायची कशाला? पोट न फाडता कातडं पाठीवरून सोलायचं, एका कुशीचे दोन्ही फरे आणि पट्टी काढायची, धड उलटवायचं, परत तेच. मग मांस हाडावरून सोडवायचं. मध्यम नराचं २०० पौंड निव्वळ मांस भरतं. ५० पौंडांच्या चार खेपा. दोघांना दोन फेऱ्या, माणशी नऊ मैल.

वजनकाटा
आणि ते मांस पिशवीत लोळागोळा होऊन तळाशी बसतं, पाठीवर झुलतं. उघडी बाजू वाढते, प्रत्येक बाजूला केस आणि माती. हाडासकट फरा झाडाला टांगता येतो. लोळा कशाला टांगणार?

सुरी_धार
आणि खुब्याच्या सांध्यात उष्णता अडकून आतून मांस आंबतं, त्याचं काय? वरून पापुद्रा छान सुकलेला, कापल्यावर वास. दुपारी ६० फॅरनहाइट असेल तर हाड काढायलाच हवं. नसेल काढायचं तर निदान हाडापर्यंत चीर द्या.

वजनकाटा
चीर द्यावी हे मान्य. पण नवख्याला हाड सोडवायला सांगताना एक गोष्ट गिळलीत. जनावर नर होतं याचा पुरावा मांसाला नैसर्गिकरीत्या जोडलेला राहायला हवा. डोकं वेगळं बांधून आणलं आणि वृषण कापून फेकलं, की वॉर्डनसमोर उभे.

सुरी_धार
गिळली नाही, सगळ्यांना माहीत असते म्हणून लिहिली नाही. मागच्या एका फऱ्याच्या मांसाला वृषण ठेवायचं. झालं समाधान, गुरुजी?

उंबरठ्याबाहेर
खेपा मोजताय, आधी पैसे मोजा. परराज्यातल्याला नराचा टॅग ८०० डॉलरच्या वर, इथल्याला त्याच्या दहाव्या भागाहून कमी. जमीन मात्र संघराज्याची, सगळ्यांच्या करावर चाललेली! २०२५ पासून बाहेरच्यांचा धनुष्याचा काउंटर टॅगही गेला.

घळीतला_वारा
जमीन संघराज्याची, जनावरं राज्याची. हा वाद शंभरदा झालाय. त्यापेक्षा कामाचं सांगा: एच-वन-बीवाल्यांनी चालू शिकार परवाना असल्याशिवाय रायफल हातातही घेऊ नये, मित्राचीसुद्धा. संघीय गुन्हा आहे.

पहिला_टॅग
मूळ मुद्द्यावर या. दोन चाकांची गाडी मिळते जनावर ओढायला. खेपांचा प्रश्नच मिटला.

वजनकाटा
तुमच्या पोस्टमधल्या नकाशात तंबू विल्डरनेसच्या, म्हणजे वाहनबंदी असलेल्या राखीव रानाच्या, हद्दीत आहे. तिथे चाक चालत नाही. सायकल नाही, हातगाडीही नाही.

सुरी_धार
यावर मी काट्याच्या बाजूनं. लिहिताना हात थरथरतोय.

पहिला_टॅग
मग घोडेवाला. ओळखीतून कोणीतरी पैसे घेऊन येतोच.

घळीतला_वारा
पैसे घेऊन वाहणारा राज्याकडे नोंदलेला हवा, वनखात्याचा परवानाही हवा. असे लोक उन्हाळ्यातच ठरवून ठेवतात. जनावर पडल्यावर फोन केलात तर तीन दिवसांनी येतील, तोवर मांस कावळ्यांचं.

पहिला_टॅग
बरं. तंबू एक मैलावर आणतो, हद्दीबाहेर. नऊ दिवसांच्या सीझनमधले सात काढतो, पहिले दोन फक्त दुर्बीण. नर ओरडण्याची ओळ खोडली. खूश? फरे मात्र हाडासकटच आणणार, टांगायला.

सुरी_धार
चीर द्या.

वजनकाटा
हाडापर्यंत. आणि फरा काट्यावर ठेवून फोटो टाका, ६५ भरतो की ८० ते एकदाचं कळू दे.