मुद्रितशोधनात ‘आता पुरे’ कधी म्हणावे?

प्रश्न: मी गेली सहा वर्षे मुद्रितशोधनाचे काम करते. दोन वाचनांत हातावेगळे व्हावे असे पुस्तक मी चार-चार वेळा वाचते, आणि तरीही ‘कविमन’मधला ‘वि’ ऱ्हस्वच राहिला ना, या शंकेने रात्री उठून पाने चाळते. गेल्या महिन्यात यापायी छपाईची तारीख हुकली. काय करावे?

पहिले उत्तर: चौथ्या वाचनाला डोळा कागदावरची अक्षरे पाहतच नाही, मनात पाठ झालेला मजकूर पाहतो, त्यामुळे तेव्हा जुनी चूक सापडण्यापेक्षा नवी घुसण्याचीच धास्ती अधिक. एका वाचनात केवळ शुद्धलेखन पाहावे, दुसऱ्यात शीर्षके, पृष्ठांक आणि अनुक्रमणिका यांचा मेळ घालावा, आणि हे दुसरे वाचन शक्यतो सहकाऱ्याकडे सोपवावे.

दुसरे उत्तर: सहमत, मात्र मुखपृष्ठाला दोनच वाचनांची ही सवलत देऊ नये. आतली चूक शुद्धिपत्रात, म्हणजे पुस्तकाला जोडलेल्या दुरुस्त्यांच्या यादीत, निस्तरता येते, लेखकाच्या नावातली नाही.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. पृष्ठांक सहकाऱ्याकडे देऊन पाहते. (‘शुद्धिपत्रा’तला ‘द्धि’ ऱ्हस्व आहे, हे मात्र वाचता वाचताच तपासले.)