जुनी सायटिका: फिजिओथेरपीसोबत मानसोपचाराचा खरोखर उपयोग होतो का?

प्रश्न – खडूफळा

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका आहे. कमरेतून निघून उजव्या पायाच्या करंगळीपर्यंत जाणारी कळ गेली काही वर्षे मला सोबत करत आहे. कमरेची सर्वांत खालची गादी सरकून नस दाबली गेल्याचे एमआरआयमध्ये दिसले. मात्र शस्त्रक्रियेची तातडी नाही, असे अस्थिरोगतज्ज्ञांचे मत पडले. गोळ्या, शेक, कमरेचा पट्टा, व्यायाम असे सगळे करून झाले. थोडे बरे वाटते आणि दुखणे पुन्हा डोके वर काढते. आता डॉक्टरांनी फिजिओथेरपीसोबत मानसशास्त्रज्ञांनाही भेटायला सांगितले आहे. सासूबाई म्हणाल्या, “पाय दुखतोय, मग मनाचा डॉक्टर कशाला?” खरे सांगायचे तर तीच शंका मलाही आहे. फळ्याखाली पडलेला खडूसुद्धा मी हल्ली मुलांकडून उचलून घेते. हे दोन्ही उपचार एकत्र घ्यायचे म्हणजे नेमके काय करायचे?

प्रतिसाद १ – कणा_आणि_कंबर

ताई, मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. डॉक्टरांनी तुमचे दुखणे काल्पनिक ठरवलेले नाही. नस दाबली जाणे आणि तिला सूज येणे हे खरेच असते. परंतु वेदना महिनोन्‌महिने टिकली की मज्जासंस्था अधिक संवेदनशील होते आणि पूर्वी जे सहज सोसत असे, त्यालाही ती धोका समजू लागते. भीती, अपुरी झोप आणि हालचाल टाळण्याची सवय यांमुळे ही संवेदनशीलता वाढते. शिवाय वेदना किती होईल, हे एमआरआयवरून ठरत नाही. पाठदुखी नसलेल्या लोकांच्या तपासण्यांचा एक आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतील सुमारे ३० टक्के आणि पन्नाशीतील सुमारे ६० टक्के लोकांच्या मणक्यांमधील गाद्या फुगलेल्या आढळल्या होत्या.

ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये, आधीच्या उपचारांनी गुण आला नसेल किंवा भीती, खचलेपणा यांसारखे अडथळे मोठे असतील, तर शारीरिक आणि मानसिक उपचारांचा एकत्रित कार्यक्रम विचारात घ्यावा, असे म्हटले आहे. (त्याच सूचनांमध्ये पट्टा देऊ नये असेही आहे, पण आपल्याकडे तो औषधांच्या दुकानात सर्रास मिळतो.)

प्रत्यक्षात काय करतात, हे तुमच्या खडूवरूनच सांगतो. वाकण्यापूर्वी मनात येणारे वाक्य लिहून काढायचे, उदाहरणार्थ “आता गादी आणखी सरकेल.” मग टेबलाला हात टेकून आधी खुर्चीवरचा, काही दिवसांनी पाटावरचा आणि शेवटी जमिनीवरचा खडू उचलायचा. किती वेळा वाकायचे, हे आधीच ठरवायचे. त्या दिवशीच्या वेदनेकडे पाहून नाही. वाकताना श्वास रोखायचा नाही. नंतर प्रत्यक्ष काय झाले, ते त्या वाक्यापुढे लिहायचे. कळ कमरेकडे सरकत असेल तर ते सहसा चांगले लक्षण मानतात. ती पायात आणखी खाली उतरू लागली किंवा वाढलेले दुखणे दुसऱ्या दिवशीही टिकले, तर पायरी लहान करायची.

मात्र लघवी अडली, लघवी-शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला किंवा पाऊल उचलेनासे झाले, तर यातले काहीही न करता त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

प्रतिसाद २ – गोदाकाठ

मी तज्ज्ञ नाही, जुनी रुग्ण आहे. मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो कामाच्या वाटणीचा. बरे वाटले की दिवाळीच्या साफसफाईसारखे सगळे एका दिवसात उरकायचे आणि मग अंथरूण धरायचे, हे माझे चक्र होते. समुपदेशकांनी चांगल्या दिवशीही ठरलेल्या वेळी थांबायला आणि वाईट दिवशीही थोडे चालायला शिकवले. एका भेटीला त्यांनी माझ्या यजमानांनाही बोलावले, कारण ते प्रेमापोटी माझ्या हातातली प्रत्येक बादली काढून घेत असत. घरच्यांची अशी काळजीही भीती जागी ठेवते, हे तोपर्यंत कोणाच्या लक्षातच आले नव्हते. शक्य असल्यास सासूबाईंनाही एकदा सोबत न्या.

प्रतिसाद ३ – शंकासूर

माझे मत थोडे वेगळे आहे. ‘ताण घेऊ नका’ एवढे सांगून रुग्णाची बोळवण करणारे डॉक्टर मी पाहिले आहेत, विशेषतः रुग्ण स्त्री असली की. नस दाबलेली असताना शस्त्रक्रियेचा पर्याय मागे का ढकलायचा? शिवाय प्रत्येक वेळी दोन-दोन तज्ज्ञांची फी कोणाला परवडते?

प्रतिसाद ४ – कणा_आणि_कंबर

बोळवण होते, हे मान्य. शस्त्रक्रियेबद्दल म्हणाल तर नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आधी शस्त्रक्रियेविना वाट पाहिलेल्यांपेक्षा लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांच्या पायाचे दुखणे लवकर थांबले, पण वर्षाअखेरीस दोन्ही गटांत फारसा फरक उरला नाही. ते रुग्ण तुलनेने नव्या दुखण्याचे होते. म्हणून ताईंनी आपल्या शल्यचिकित्सकांशी स्वतंत्रपणे बोलावेच. खर्चाचे म्हणाल, तर मानसशास्त्रज्ञांच्या मोजक्या भेटी पुरू शकतात, पण दोघांनी एकाच उद्दिष्टावर काम करायला हवे. एकाने “वाका” आणि दुसऱ्याने “जपा” म्हटले, तर पैसे वाया गेले. आणि ताई, प्रीगाबालिन किंवा गॅबापेंटिन हे नसेच्या दुखण्यावरचे औषध चालू असेल तर डॉक्टरांना न विचारता ते अचानक बंद करू नका.

प्रतिसाद ५ – खडूफळा

सर्वांचे आभार. प्रीगाबालिन चालू आहे, त्याबद्दल विचारते. दोन्ही तज्ज्ञांसाठी एकच उद्दिष्ट लिहून नेत आहे: मुलांसोबत परिपाठाला जमिनीवर बसणे आणि आधाराशिवाय उठणे. सासूबाई यायला तयार आहेत, पण “मी काही बोलणार नाही” या अटीवर.